एनरिको नार्डी

एनरिको नार्डी (जन्म : १९०७, बोलोन्या, इटली, मृत्यू : १९६६) हे इटालियन मोटार-अभियंते, शर्यतचालक आणि मोटारींच्या सुट्या भागांचे निर्माते होते. लान्सिया कंपनीतील चाचणीचालक, एन्झो फेरारी यांनी बांधलेल्या पहिल्या मोटारीच्या घडणीतील सहकारी आणि तोरिनो येथील नार्डी कार्यशाळेचे प्रमुख असे त्यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पे पडतात. त्यांच्या स्वतःच्या नावाने बांधल्या गेलेल्या मोटारींची संख्या अल्प आहे. त्यांचे नाव जगभर पोहोचले ते त्यांच्या कार्यशाळेत घडलेल्या लाकडी कड्याच्या स्टिअरिंगमुळे. ही स्टिअरिंग आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठरली असून त्यांच्या प्रतिकृतीही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यामुळे अस्सल नार्डी स्टिअरिंग कोणते, हा प्रश्न जुन्या मोटारींच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

लान्सियातील कारकीर्द

नार्डी १९२९ मध्ये तोरिनो येथील लान्सिया कंपनीत दाखल झाले. कंपनीचे संस्थापक व्हिन्चेन्झो लान्सिया हे स्वतः एके काळी नामांकित शर्यतचालक होते आणि नव्या मोटारीची पारख कागदावरील आकड्यांपेक्षा रस्त्यावर करण्यावर त्यांचा भर असे. नार्डी यांनी आरंभी मालमोटारींच्या विभागात अभियंता म्हणून काम केले. पुढे ते चाचणीचालक आणि व्हिन्चेन्झो लान्सिया यांचे सल्लागार झाले.

चाचणीचालकाला मोटारीचा दोष हाताला आणि पाठीला जाणवावा लागतो आणि तो अभियंत्याच्या भाषेत सांगताही यावा लागतो. नार्डी यांच्याकडे ही दोन्ही अंगे होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हिन्चेन्झो लान्सिया यांचे निधन झाले. त्याच वर्षी नार्डी यांनी कंपनी सोडली. मात्र लान्सियाच्या मोटारींशी त्यांचा संबंध पुढेही टिकून राहिला.

चिकिबिओ

लान्सियात असतानाच नार्डी यांनी अभियंता ऑगस्टो मोनाको यांच्यासोबत १९३२ मध्ये एक छोटी शर्यतीची मोटार बांधली. ती नार्डी-मोनाको किंवा चिकिबिओ या नावाने ओळखली जाते. बोकाचो यांच्या ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहात हजरजबाबीपणामुळे धन्याच्या रागातून सुटणारा एक स्वयंपाकी आहे, त्याचेही नाव चिकिबिओ असेच आहे.

या मोटारीत लंडनच्या जेएपी कंपनीचे मोटारसायकलसाठी असलेले, सुमारे १००० घन सेंटिमीटर क्षमतेचे दोन सिलिंडरांचे इंजिन होते. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिलेली होती. त्या काळी ही मांडणी फारच थोड्या मोटारींत आढळत असे. वजन अत्यंत कमी असल्यामुळे घाटरस्त्यांवरील चढाच्या शर्यतींत ही मोटार प्रभावी ठरली. मोनाको यांनी पुढे काउंट कार्लो फेलिचे ट्रॉसी यांच्यासाठी सोळा सिलिंडरांची, विमानासारखे वर्तुळाकार इंजिन असलेली शर्यतीची मोटार बांधली. ती तोरिनोच्या मोटार संग्रहालयात आहे. नार्डी यांनी मात्र लहान, हलकी आणि उपलब्ध भागांतून उभी राहणारी यंत्रे घडवण्याची वाट धरली. त्यांच्या पुढील बहुतेक कामांत हीच दृष्टी दिसते.

एन्झो फेरारी यांच्यासोबत

लान्सिया सोडल्यानंतर नार्डी मोदेना येथे एन्झो फेरारी यांच्याकडे आले. फेरारी तेव्हा आल्फा रोमिओ कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींचे काम पाहत असत. १९३९ मध्ये त्यांनी आल्फा रोमिओ सोडली. त्या वेळी झालेल्या करारानुसार चार वर्षे शर्यतीत स्वतःचे नाव वापरण्यास त्यांना मनाई होती. म्हणून त्यांनी आउटो आविओ कोस्त्रुझिओनी या नावाने नवी संस्था काढली.

तरुण चालक आल्बेर्तो आस्कारी आणि मोदेनाचे सरदार मार्क्विस लोतारिओ रांगोनी माक्याव्हेल्ली या दोघांनी या संस्थेकडे प्रत्येकी एका शर्यतीच्या मोटारीची मागणी केली. आल्बेर्तो मास्सिमिनो हे या मोटारीचे मुख्य आरेखक होते. व्हित्तोरिओ बेल्लेन्तानी आणि नार्डी यांनी बांधणी आणि चाचणीत त्यांना साथ दिली. हाती अवघे चार महिने होते. त्यामुळे फियाटच्या ११०० मोटारीतील अनेक भाग वापरून आठ सिलिंडरांचे, १४९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन तयार करण्यात आले. मिलानच्या टूरिंग कंपनीने मोटारीचा हलका सांगाडा बनवला. आठ सिलिंडर आणि दीड लिटर यांवरून मोटारीला ८१५ हा क्रमांक मिळाला.

२८ एप्रिल १९४० रोजी ब्रेशा, क्रेमोना आणि मांतोव्हा या शहरांमधील त्रिकोणी मार्गावर शर्यत झाली. एका मोटारीत आस्कारी व जोव्हान्नी मिनोझ्झी होते, तर दुसऱ्या मोटारीत रांगोनी व नार्डी. आस्कारींची मोटार लवकरच बिघडली. रांगोनी-नार्डी यांनी त्यानंतर दीड लिटर गटात आघाडी घेतली आणि ती अर्ध्या तासाहून अधिक वाढवली. परंतु शेवटच्या टप्प्यात त्यांचेही इंजिन निकामी झाले. शर्यत बीएमडब्ल्यू ३२८ मोटारीतील जर्मन चालकांनी जिंकली. दीड महिन्याने इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि या मोटारींची शर्यतीतील कारकीर्द तिथेच खंडित झाली. रांगोनी युद्धकाळात मरण पावले. नार्डी ज्या मोटारीत बसले होते ती पुढे भंगारात गेली. आस्कारी यांची मोटार मात्र आजही अस्तित्वात आहे.

तोरिनोमधील कार्यशाळा

युद्ध संपल्यानंतर इटलीत कच्चा माल, इंधन आणि पैसा या साऱ्यांचीच टंचाई होती. तरीही शर्यतीचे वेड कमी झाले नव्हते. या परिस्थितीतून अनेक लहान मोटारनिर्माते पुढे आले. तोरिनोमध्ये चिसितालिया, सियाता, मोरेत्ती आणि आबार्थ, बोलोन्यात मासेराती बंधूंची ओस्का, तर मोदेनात स्तांगुएल्लिनी ही त्यांतील काही नावे होत. मोठ्या कारखान्यांचे इंजिन घ्यायचे, ते सुधारायचे आणि हलक्या सांगाड्यात बसवायचे, अशी त्यांची सर्वसाधारण पद्धत होती.

नार्डी तोरिनोला परतले आणि रेनातो दानेसे यांच्या भागीदारीत त्यांनी नार्डी-दानेसे ही कार्यशाळा सुरू केली. येथे बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलींची ७५० घन सेंटिमीटरची इंजिने, फियाटची इंजिने आणि पुढे अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीची छोटी इंजिने वापरून शर्यतीच्या मोटारी बांधल्या गेल्या. १९५०च्या सुमारास भागीदारी संपली आणि कार्यशाळा केवळ नार्डी या नावाने चालू राहिली.

संपूर्ण मोटार बांधून विकणे लहान कार्यशाळेला आर्थिकदृष्ट्या अवघड होते. त्यामुळे नार्डी यांनी सामान्य मोटारधारकांसाठी सुधारणेचे संच बनवण्यास सुरुवात केली. त्यांत जोड कार्बुरेटरसाठीच्या नळ्या, क्रँकशाफ्ट आणि धूरनलिका यांचा समावेश होता. १९५० मध्ये लान्सियाने ऑरेलिया ही सहा सिलिंडरांच्या व्ही आकाराच्या इंजिनाची मोटार बाजारात आणली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला होता. नार्डी यांनी तो चालकाच्या आसनाशेजारी, तळाशी आणणारा संच तयार केला आणि वेगाने मोटार चालवणाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय झाला. आज ऑरेलिया मोटारीत कार्यशाळेचा मूळ संच असल्यास त्याची स्वतंत्र नोंद केली जाते.

याच काळात नार्डी यांनी आरेखक जोव्हान्नी मिकेलोत्ती आणि व्हिन्याले या सांगाडानिर्मात्यांच्या साहाय्याने ऑरेलियाच्या पायावर ‘राज्जो आझ्झुर्रो’ म्हणजे ‘निळा किरण’ ही प्रदर्शनीय मोटार सादर केली. पहिली मोटार १९५५ मधील असून दुसरी १९५८ मधील आहे.

बिसिलुरो

नार्डी कार्यशाळेची सर्वांत धाडसी निर्मिती म्हणजे १९५५ मधील बिसिलुरो ही शर्यतीची मोटार. या इटालियन शब्दाचा अर्थ ‘जोड-टॉर्पेडो’ असा होतो. तोरिनोचे वास्तुविशारद आणि फर्निचरकार कार्लो मोल्लिनो, चालक मारिओ दामोंते आणि नार्डी या तिघांच्या सहकार्यातून ती साकारली. तिचे दोन समांतर लांबट भाग होते. डाव्या भागात ७३५ घन सेंटिमीटरचे जान्निनी इंजिन आणि उजव्या भागात चालक अशी वजनाची विभागणी केलेली होती. दोन्ही भागांना जोडणारा मधला पत्रा कमी उंचीचा ठेवल्यामुळे हवेचा विरोध घटत असे.

जून १९५५ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ही मोटार उतरली. शर्यतीच्या सुरुवातीच्या तासांतच शेजारून वेगाने गेलेल्या एका मोठ्या मोटारीच्या हवेच्या झोताने ती मार्गाबाहेर फेकली गेली आणि बाद झाली. हलकेपणा हीच तिची शक्ती होती आणि तोच तिचा दोष ठरला. त्याच शर्यतीत घडलेल्या भीषण अपघातात ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडल्याने बिसिलुरोची कथा झाकोळली गेली. ही मोटार मिलान येथील लिओनार्दो दा व्हिन्ची राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संग्रहालयात जतन केलेली आहे.

लाकडी स्टिअरिंग

लाकडी कड्याचे स्टिअरिंग हा नार्डी यांचा शोध नव्हे. मोटारीच्या आरंभकाळापासून लाकडी कडी वापरात होती आणि १९२०च्या दशकातील बुगाट्टी मोटारींचे चार आऱ्यांचे लाकडी स्टिअरिंग प्रसिद्ध आहे. मधल्या काळात कठीण प्लॅस्टिकची कडी रूढ झाली. ती स्वस्त होती, परंतु उन्हाने तडकत आणि घामेजल्या हातातून निसटत. नार्डी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी कड्याला नवे रूप दिले.

या स्टिअरिंगची रचना साधी आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या जाड पत्र्यातून तीन आरे आणि त्यांना जोडणारे वर्तुळ एकसंध कापून घेतले जाते. या वर्तुळाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूस अक्रोड किंवा महोगनी लाकडाचे थर चिकटवून रिव्हेटने पक्के केले जातात. नंतर कडे गोलसर घासून, मागच्या बाजूस बोटांसाठी खाचा कोरून त्यावर रोगण चढवले जाते. धातूमुळे बळकटी मिळते, तर लाकडामुळे रस्त्याची थरथर सौम्य होऊन हाताला पोहोचते आणि पकड सुटत नाही. आऱ्यांना आतल्या बाजूस खोलगट बाक दिल्यास स्टिअरिंग चालकाच्या जवळ किंवा दूर नेता येते. अनेक वर्षे चाचणीचालक म्हणून काढलेल्या माणसाला या बारकाव्यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

फेरारीच्या २५० मालिकेतील आणि २७५ जीटीबीसारख्या मोटारींतून ही स्टिअरिंग ग्राहकांपर्यंत पोहोचली. सामान्य मोटारधारकही आपल्या मोटारीचे मूळ स्टिअरिंग काढून नार्डी बसवू लागले. ब्रिटनमध्ये लेस लेस्टन व मोटो-लिटा आणि इटलीत हेलेबोर हे निर्मातेही याच प्रकारची स्टिअरिंग बनवत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती बदलली. अपघातात स्टिअरिंगवर छाती आपटून होणाऱ्या इजांकडे लक्ष वेधले गेले आणि १९६८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींना यासंबंधीचे नियम लागू झाले. लाकडी कड्याची जागा क्रमाने मऊ आवरणाच्या आणि कातडी कड्यांनी घेतली.

अस्सल आणि प्रतिकृती

नार्डी स्टिअरिंगच्या बाबतीत अस्सल हा शब्द एकाच अर्थाने वापरला जात नाही. साधारणपणे चार प्रकार वेगळे केले जातात. पहिला, नार्डी यांच्या हयातीत त्यांच्या कार्यशाळेत घडलेली स्टिअरिंग. दुसरा, त्यांच्या निधनानंतर त्याच नावाच्या अधिकृत उत्पादकांनी बनवलेली स्टिअरिंग. ही बनावट नसतात, परंतु १९५० किंवा १९६०च्या दशकातील मोटारीची मूळ वस्तूही नसतात. तिसरा, मूळ धातूचा सांगाडा ठेवून लाकूड नव्याने बसवलेली स्टिअरिंग. चौथा, इतरांनी तयार केलेल्या प्रतिकृती. चौथ्या प्रकारातील वस्तू प्रतिकृती म्हणूनच विकली जात असेल तर त्यात वावगे काही नाही. फसवणूक होते ती तिला पहिल्या प्रकारातील म्हणून विकल्यास.

पारख करताना केवळ नावावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. आऱ्यावरील नार्डी ही सही किंवा मधल्या भोंग्याच्या बटणावरील मोटार कंपनीचे चिन्ह या दोन्ही गोष्टी सहज नकलता येतात. बटण तर एका स्टिअरिंगवरून दुसऱ्यावर सहज हलवता येते. म्हणून जाणकार पुढील अंगांकडे लक्ष देतात.

स्टिअरिंगची मागची बाजू बहुधा पुढच्या बाजूपेक्षा अधिक सांगते. अलीकडील अधिकृत उत्पादनांच्या आऱ्यांमागे निर्मितीची तारीख आणि जर्मन वाहन प्राधिकरणाचा मान्यता क्रमांक कोरलेला आढळतो. असा क्रमांक असल्यास ते स्टिअरिंग नार्डी यांच्या काळातील नाही, हे निश्चित होते. विक्रीपूर्वी हा भाग घासून टाकलेला असू शकतो. त्यामुळे आऱ्याच्या मागे एकाच जागी वेगळी चमक किंवा जाडी कमी झालेली दिसल्यास ती संशयास्पद मानली जाते.

मापेही उपयोगी पडतात. आजच्या नार्डी स्टिअरिंगला तुंब्याशी जोडणारी सहा छिद्रे ७४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि कड्याचा व्यास बहुधा ३६० किंवा ३९० मिलिमीटर असतो. मोमो या १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इटालियन कंपनीच्या स्टिअरिंगमध्ये छिद्रांचे हेच वर्तुळ ७० मिलिमीटरचे असते. जुन्या मोटारींची बरीच स्टिअरिंग ४०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असत, कारण शक्तीचलित साहाय्य नसताना जड मोटार वळवण्यासाठी मोठे कडे आवश्यक होते. जोडणीची पद्धतही मोटारीनुसार बदलत असे. म्हणून माप नेहमी त्याच प्रकारच्या, इतिहास ज्ञात असलेल्या मोटारीच्या स्टिअरिंगशी ताडून पाहिले जाते.

लाकडाचे वय हा तिसरा निकष होय. जुने लाकूड उन्हाकडील बाजूस अधिक रंग बदलते, रोगण पिवळसर होऊन त्यावर बारीक तडे पडतात आणि थरांमधील सांधा कुठे कुठे उघडतो. चालकाचे हात जिथे टेकतात तिथे कडे अधिक गुळगुळीत होते, तळाकडील भाग मात्र तुलनेने कमी झिजतो. मुद्दाम जुने केलेल्या प्रतिकृतीत झीज सर्वत्र सारखी आढळते. हाताने ठोकलेल्या रिव्हेटच्या डोक्यांत आणि अंतरांत किंचित फरक असतो, तर यंत्राने केलेल्या कामात ती काटेकोर सारखी असतात. तथापि यांपैकी कोणताही एक निकष स्वतंत्रपणे पुरेसा नाही. मूळ स्टिअरिंगचे रोगण कालांतराने नव्याने चढवलेले असू शकते आणि पेटीत जपून ठेवलेल्या जुन्या स्टिअरिंगवर झीज नसूही शकते.

सर्वांत भक्कम आधार कागदपत्रांचा असतो. मोटारीची जुनी छायाचित्रे, मालकीची साखळी आणि दुरुस्तीच्या नोंदी यांतून तेच स्टिअरिंग त्या मोटारीत कधीपासून आहे हे कळू शकते. या पारखीला सुरक्षिततेचीही बाजू आहे. अनेक दशके जुन्या लाकडात आणि डिंकात वरून न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. त्यामुळे काही मालक मूळ स्टिअरिंग जतन करून ठेवतात आणि रस्त्यावर मोटार चालवताना नवे स्टिअरिंग बसवतात.

जुन्या स्टिअरिंगला नवे लाकूड बसवावे की नाही, याबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. वापरातील वस्तू वापरण्याजोगी राहिली पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते लाकूड बदलल्यावर कारागिराच्या हाताची खूणच नाहीशी होते आणि उरतो तो केवळ धातूचा सांगाडा. दुरुस्ती झाली असल्यास ती विकताना उघडपणे सांगावी, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आढळते.

मृत्यू आणि वारसा

एनरिको नार्डी यांचे १९६६ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाच्या मोटारींची निर्मिती त्यापूर्वीच थांबली होती, परंतु स्टिअरिंगचे उत्पादन त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले. १९७० नंतरच्या दशकांत नार्डी हे नाव इटलीबाहेर, विशेषतः जपानमध्ये, अतिशय लोकप्रिय झाले. माझदा कंपनीने युनोस रोडस्टर या आपल्या छोट्या उघड्या मोटारीच्या एका विशेष आवृत्तीत नार्डीचे लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची लाकडी मूठ दिली होती.

नार्डी यांनी बांधलेल्या मोटारी शर्यतींच्या इतिहासात लहान नोंदीपुरत्या उरल्या आहेत. ८१५ मोटारीचे श्रेय फेरारी यांच्या नावे जमा झाले आणि बिसिलुरोची ओळख प्रामुख्याने मोल्लिनो यांच्या संदर्भात होते. त्यांचे स्वतःचे नाव टिकले ते चालकाच्या हाताखाली असणाऱ्या एका सुट्या भागामुळे. त्या नावाला बाजारात मोल आले आणि त्यामुळेच त्याच्या नकलाही वाढल्या. म्हणून नार्डी यांच्या काळातील स्टिअरिंगची काळजीपूर्वक केलेली नोंद ही त्यांच्या कार्यशाळेच्या इतिहासाचे एक साधन ठरते.